उसाच्या हंगामात रस्ता मोजताना

८ डिसेंबर २०२४

पुतणी आज आली ती पिशवीभर कागद घेऊनच. अभियांत्रिकीचं शेवटचं वर्ष. प्रकल्पाला विषय मिळालाय कचरा हस्तांतरण केंद्राचा रस्त्यावरच्या वाहतुकीवर होणारा परिणाम. असं केंद्र रहिमतपुरात येणार असं कुणी म्हटलेलं नाही. तिच्या सरांनी सांगितलं, ओळखीचा परिसर धरा, केंद्र तिथं येतंय असं समजा आणि खऱ्या रस्त्यावर उभं राहून हिशेब मांडा. "आत्या, तुझी नोकरी सगळी रस्त्यात गेली. आता चार दिवस माझ्याबरोबर उभी राहा," म्हणाली. मी लगेच हो म्हटलं.

पहिली अट मात्र घातली: अहवालात कुठलाही गट नंबर लिहायचा नाही. कागदावर गट नंबर आला की तो दुसऱ्या दिवशी पारावर पोचतो, आणि ज्याची जमीन आहे त्याच्याकडे येणारं गिऱ्हाईक तिसऱ्या दिवशी थांबतं.

मग जेवणानंतर विषय उलगडून घेतला. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत या केंद्राची व्याख्या आहे. घंटागाड्यांनी गोळा केलेला कचरा तिथं आणायचा, मोठ्या झाकलेल्या वाहनात भरायचा आणि प्रक्रिया प्रकल्पाकडे एकदम न्यायचा. प्रकल्प पंधरा किलोमीटरच्या पलीकडे असेल तर असा टप्पा करावा, असा केंद्र सरकारच्या मार्गदर्शिकेचा सल्ला आहे. मुंबईत कुर्ला आणि महालक्ष्मीला अशी केंद्रं आहेत. पुण्यात त्यालाच 'रॅम्प' म्हणतात.

आपल्या गावाची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत सतरा हजारांच्या घरात. लहान गावात माणशी दिवसाला अडीचशे ग्रॅम कचरा धरला तर चार-सव्वाचार टन होतो. तेवढ्यासाठी कुणी केंद्र बांधणार नाही. पण आसपासची शहरं आणि मोठी गावं एकत्र आली तर जागा शोधणारा माणूस नकाशावर बोट कुठं ठेवील? जिथं रस्ते मिळतात तिथंच. साताऱ्याचा, कोरेगावचा, पुसेसावळी-वडूजचा, मसूर-कराडचा, सगळे इथं येऊन भेटतात. म्हणून आम्ही दिवसाला ५० टन धरले. हा आकडा मानलेला आहे, हे तिनं पहिल्याच पानावर ठळक लिहायचं ठरलं.

१० डिसेंबर

सकाळी सहापासून रस्त्याकडेला. हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झालाय आणि आता ऐन भरात आहे. पुतणीच्या हातात तक्ता: दुचाकी, मोटार, रिक्षा, टेम्पो, एसटी, ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉली, बैलगाडी. पाच-पाचच्या जुड्या करत रेघा ओढायच्या. मोबाईलवर चित्रीकरण करून नंतर मोजता येतं, पण मी तिला आधी हातानं मोजायला लावलं. हातानं मोजणारा माणूस रस्त्याकडे बघतो, आणि बघितल्याशिवाय पुढचं काही कळत नाही.

नऊच्या सुमारास दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर चौकात वळला. तो पाहण्यासारखा होता. पुढचा ट्रॅक्टर वळण घेऊन सरळसुद्धा झाला, पहिली ट्रॉली त्याच्यामागून आली, आणि दुसरी मात्र आतून कापत आली. तिचं डावं चाक साइडपट्टीवर चढलं, मोळ्या एका अंगाला कलल्या, बाहेर आलेली वाढी दुकानाच्या पत्र्याला घासत गेली. खाली उतरलेला पोरगा मागं उलटं चालत हातानं "येऊ दे, येऊ दे" करत होता. हे संपेस्तोवर मागं एसटी, तिच्यामागं शाळेच्या दोन गाड्या आणि दोन्ही बाजूंनी दुचाक्या थांबून होत्या. चौकात अपघात नाही, भांडण नाही, कुणी नियम मोडलेला नाही. नुसतं एक वळण.

ट्रॅक्टरवाला पुढं जाऊन चहाला थांबला तेव्हा आमच्याकडे आला. "काय मोजताय मावशी? टोलनाका येतोय का काय?" नाही म्हटलं, पोरीचा अभ्यास आहे. "मग माझ्या गाडीला किती मार्क?" त्याचा प्रश्न अगदी नेमका होता. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ६४ क्रमांकाच्या संहितेत प्रत्येक वाहनाचं मोटारीच्या हिशेबात वजन दिलंय. मोटार १, दुचाकी अर्धा, लहान टेम्पो दीड, ट्रक किंवा बस ३, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार, मोठी बैलगाडी ८. वाहन किती जागा अडवतं आणि दुसऱ्याला किती खोळंबवतं त्यावर हे ठरलंय. बैलगाडीला सर्वांत जास्त, कारण तिच्यामागं सगळा रस्ता तिच्या चालीनं चालतो. पण दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर त्या तक्त्यात नाहीच. पुतणीनं टेप काढून चालकाच्या परवानगीनं लांबी घेतली. पंधरा मीटरच्या पुढं भरली. त्याला वेगळा रकाना करायचा आणि चौक ओलांडायला लागलेला वेळ घड्याळावर टिपायचा, असं ठरवलं.

११ डिसेंबर

दिवसभर मोजणी. दुपारी बीडकडच्या ऊसतोड टोळीच्या टायरगाड्या एकामागून एक. एका गाडीत मोळ्यांच्या वर लहान मूल झोपलेलं. तक्त्यात त्याला रकाना नाही.

१४ डिसेंबर

आज घरीच. तिनं विचारलं, हंगाम संपल्यावर निवांत मोजलं असतं तर चाललं नसतं का?

अशाच मोजण्या नोकरीत माझ्या हाताखालून गेल्यात. एका प्रकल्पाचा अहवाल आला होता. नकाशे सुबक, बांधणी देखणी, आणि निष्कर्ष असा की रस्त्यावर भरपूर जागा शिल्लक आहे. मोजणीची तारीख पाहिली तर जुलै. जुलैत आमच्या भागात ऊस शेतात उभा असतो, कारखाने बंद, शेतकरी भांगलणीत. तेव्हा रस्ता मोकळाच दिसणार. त्या कागदावर मी तसा शेरा मारला होता. पुढं त्याचं काय झालं ते माझ्यापर्यंत आलं नाही.

खरं तर नियमात हंगामात मोजायची सोय कधीची आहे. ग्रामीण रस्त्यांच्या वाहतूक गणनेची संहिता १९७२ची. वर्षातून किमान दोनदा, सलग सात दिवस, चोवीस तास मोजा, असं ती सांगते. त्यातली एक मोजणी पीक काढणीच्या आणि बाजाराच्या ऐन हंगामात घ्या, दुसरी सैल दिवसांत. ज्यांनी हे लिहिलं त्यांना शेतीच्या मुलखातला रस्ता माहीत होता. त्याच रस्त्याला डिसेंबरात वेगळं अंग असतं आणि जुलैत वेगळं. केंद्राच्या घंटागाड्या मात्र बाराही महिने चालणार. म्हणजे मोजायचं ते रस्त्याच्या सर्वांत वाईट दिवसांत.

१७ डिसेंबर

आज आकडे मांडले. घंटागाडीत सुटा कचरा सरासरी सहाशे किलो मावतो असं धरलं. ५० टनांसाठी ८४ खेपा. येणं आणि जाणं मिळून १६८ वेळा रस्त्यावरून. प्रत्येकी दीड प्रमाणे २५२. भरलेली मोठी वाहनं दहा टनांची, पाच खेपा, जाऊन-येऊन दहा, प्रत्येकी तीन प्रमाणे ३०. एकूण २८२. साडेपाच मीटर रुंदीच्या सपाट रस्त्याला ६४ क्रमांकाच्या संहितेनं, मोटारीच्या हिशेबात, दिवसाला ६,००० एकक धरलेत. म्हणजे पाच टक्क्यांच्याही आत.

पुतणीचा चेहरा पडला. "आत्या, मग परिणाम नाहीच की. प्रकल्पच संपला."

इथंच बहुतेक अहवाल संपतात. 'वाढ नगण्य' असा शब्द टाकतात आणि सही होते. मी तिला म्हटलं, आधी दुसरी बाजू लिही, मग ही. प्रक्रिया प्रकल्प तीस किलोमीटरवर आहे असं समज. केंद्र नसेल तर ८४ घंटागाड्या रोज साठ-साठ किलोमीटर धावतील: ५,०४० किलोमीटर. केंद्र झालं तर त्या लांबच्या रस्त्यावर पाच मोठी वाहनं मिळून ३०० किलोमीटर. डिझेल, धूर, चालकांचे तास, सगळ्यात मोठी बचत. केंद्राचा हा फायदा खरा आहे आणि तो नाकारून कुणाचं भलं होणार नाही. पण तो फायदा तीस किलोमीटरभर पसरतो, आणि बोजा पडतो एका फाटकासमोरच्या दोनशे मीटरांवर. दिवसाची सरासरी काढली की हे दोनशे मीटर दिसेनासे होतात.

उद्या तास धरून मांडायचं.

१८ डिसेंबर

घंटागाड्या दिवसभर सारख्या अंतरानं येत नाहीत. सकाळची फेरी संपते ती नऊ ते अकराच्या दरम्यान. निम्म्या खेपा, म्हणजे ४२, या दोन तासांत आल्या असं धरलं. तासाला २१. वजनकाट्यावर उभं राहणं, ताडपत्री सोडणं, मागं घेणं, रिकामं करणं, फळी लावणं यात एका गाडीची सहा मिनिटं जातात. रिकामं करायची जागा एकच असेल तर तासाला दहा गाड्या निघतील. आल्या २१, गेल्या १०. अकरा वाजता बावीस गाड्या रांगेत.

गाडी आणि पुढची मोकळी जागा मिळून सहा मीटर. बावीस गाड्या म्हणजे १३२ मीटर. आणि शेवटच्या चालकाचा खोळंबा दोन तासांहून जास्त.

पुतणीनं आकृती काढली तेव्हा ती उठूनच उभी राहिली. पाच टक्के म्हणून जे नगण्य होतं तेच आता फाटकाबाहेर मुख्य रस्त्यावर उभं होतं, आणि शेजारून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर जायचा होता. रिकामं करायच्या जागा दोन केल्या तर रांग दोन गाड्यांवर येते. तीन केल्या तर सरासरीनं रांग राहत नाही, पण गाड्या सरासरीनं येत नाहीत, तीन-चार बरोबरच येतात. म्हणून आतल्या आवारात किमान दहा गाड्यांची जागा हवी, फाटक रस्त्यापासून आत हवं, आणि वजनकाटा फाटकाच्याही आत. अहवालातलं हेच पान मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. रस्ता किती गाड्या वाहू शकतो हा प्रश्न दुय्यम आहे. गाड्या कुठं उभ्या राहणार, हा पहिला.

२२ डिसेंबर

गावातल्या रणदुल्लाखानाच्या कबरीकडे तिला घेऊन गेले. तिथला मोटेचा बुरूज १८८५च्या सातारा गॅझेटियरमध्ये नोंदलेला आहे: सुमारे पन्नास फूट उंच, पश्चिमेकडून चढत जाणारी वाट, हत्तीकडून पाणी ओढून मशिदीच्या कारंज्यासाठी चढवायची सोय. दुमजली हस्तांतरण केंद्रातही अशीच चढण असते. लहान गाड्या वर चढतात आणि खाली उभ्या असलेल्या मोठ्या डब्यात कचरा सोडतात. चढ फार उभा केला तर भरलेली गाडी पावसाळ्यात चाक फिरवत राहते आणि मागची रांग अडते. सौम्य केला तर लांबी वाढते, जागा जास्त लागते. जनावराला झेपेल असा उतार त्या काळच्या बांधणाऱ्यांनी विचार करूनच धरला असणार. पुतणी त्या उतारावर बराच वेळ वर-खाली चालत होती.

५ जानेवारी २०२५

सगळ्या गाड्या नऊ वाजताच का येतात, हे घंटागाडीवर काम करणाऱ्या एका ताईंना विचारलं. त्यांचं उत्तर असं: "लोकांच्या घरचं काम उरकल्याशिवाय बादली बाहेर येत न्हाई. नळाला पाणी येतं, भांडी व्हत्यात, पोरं शाळंला जात्यात, मग बाई दारात येती. आमी साडेसहाला घंटी वाजवली तर निम्मी घरं कचरा देत न्हाईत, आन् मग त्योच कचरा ओढ्यात जातो."

म्हणजे फाटकावरची रांग स्वयंपाकघरात सुरू होते. नुसतं 'वाहने टप्प्याटप्प्याने सोडावीत' असं अहवालात लिहून भागणार नाही. निम्मे प्रभाग सकाळी, दुकानं आणि बाजाराची बाजू दुपारी तीननंतर, अशी फेऱ्यांची फोड करावी लागेल, आणि ती ताईंसारख्यांना विचारून. त्यांनी आणखी एक सांगितलं, जे मला सुचलं नव्हतं: गाडी रांगेत तासभर उभी राहिली की त्याही मागं कचऱ्यातच बसून राहतात. उन्हाळ्यात. पाणी नाही, आडोसा नाही, स्वच्छतागृह नाही. आतल्या आवाराच्या आराखड्यात सावली, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह आलं. वाहतुकीच्या अहवालात हे कशाला, असं कुणी विचारलं तर रांगेचं पान दाखवायचं.

९ जानेवारी

आज डांबराचा विषय. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्ते बांधून त्यावर ट्रक पळवले आणि झीज मोजली. निघालं ते असं की आसावरचा भार दुप्पट झाला तर झीज दुप्पट होत नाही, सुमारे सोळापट होते. भाराचा चौथा घात. आपल्याकडचे रस्तेही त्याच हिशेबावर बेततात, आणि एका आसाचा प्रमाण भार ८० किलोन्यूटन, म्हणजे साधारण ८.१६ टन धरतात.

घंटागाडीच्या मागच्या आसावर टनभर भार धरला तर ८४ गाड्या मिळून एका प्रमाण आसाच्या दोन शतांशाइतकी झीज करतात. मोठ्या वाहनाचा प्रमाण भाराइतका एक आस एका खेपेतच पूर्ण एका प्रमाण आसाची झीज करतो. पाच खेपांचे पाच. म्हणजे दिसायला गर्दी घंटागाड्यांची आणि रस्ता खाणार ती पाच वाहनं. म्हणून रस्त्याची मजबुती फाटकापासून राज्य रस्त्यापर्यंत त्या पाचांसाठी करायची, आणि वळणावर जास्त, कारण भरलेलं वाहन वळताना खडी उखडतं. शिवाय झाकण घट्ट हवं, खाली काळं पाणी गळता कामा नये. गळालेल्या ओल्या पट्ट्यावर दुचाकी घसरते, आणि ते एखाद्या जोराच्या सरीशिवाय धुऊन जात नाही.

१६ जानेवारी

संक्रांत झाली. आज जागेच्या बाजूचा वाद. पुतणीनं दोन पर्याय घेतले: गावाच्या पश्चिमेला, साताऱ्याच्या रस्त्यावर गावाबाहेर, किंवा पूर्वेला, पुसेसावळीच्या रस्त्यावर. मोठी वाहनं साताऱ्याकडे जाणार असं धरलं तर पश्चिमेची जागा त्यांना सोयीची, पण पूर्वेकडच्या गावांच्या घंटागाड्या सगळ्या आपल्या चौकातून जाणार. पूर्वेला केलं तर उलट: घंटागाड्या वाचल्या, पण पाच जड वाहनं रोज चौकातून. ती पाच परवडतील, कारण त्यांची वेळ ठरवता येते. शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळा सोडून, बाजाराचा दिवस सोडून, कारखान्याच्या पाळीचे तास सोडून. पूर्वेकडच्या घंटागाड्यांना असं बांधून ठेवता येत नाही.

जागा रस्त्याच्या कुठल्या हाताला, हेही तेवढंच मोठं. बहुतेक गाड्या ज्या दिशेनं येणार तिच्या डाव्या हाताला फाटक असावं. उजव्या हाताला असलं तर गाडी रस्त्याच्या मध्ये थांबून समोरची वाट मोकळी व्हायची वाट बघणार, आणि तिच्यामागून येणार उसाची भरलेली ट्रॉली. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. सगळा भार एकट्या ट्रॅक्टरनं आवरायचा. संध्याकाळी मागं लाल दिवासुद्धा नसतो, कधी नुसतं लाल फडकं. अशा रस्त्यावर गाडी मध्ये थांबवायला लावणारं फाटक मी कधीच मंजूर केलं नसतं.

१९ जानेवारी

सकाळी पुतणी म्हणाली, "कचरा निम्मा केला तर?"

मी याचीच वाट बघत होते. आपल्या कचऱ्यात निम्मा, कधी त्याहून थोडा जास्त, ओला असतो. तो जिथल्या तिथं जिरवला तर ५० टनांचे २५ राहतात. ८४ खेपांच्या ४२. नऊ ते अकरा या वेळात २१ गाड्या, तासाला दहा-साडेदहा. रिकामं करायची एकच जागा जेमतेम पुरते. तीनऐवजी दोन बांधल्या तरी आरामात. जे काम काँक्रीटनं करायचं होतं ते बादल्या वेगळ्या ठेवून झालं.

हे स्वप्नातलं नाही. वेंगुर्ल्यात नगरपरिषदेनं कचऱ्याच्या जागेची बाग करून दाखवली. कराड २०२०च्या स्वच्छ सर्वेक्षणात लाखाच्या आतल्या लोकसंख्येच्या गटात देशात पहिलं आलं. आणि खताची टाकी कशी बांधायची ते तर आपल्याच राज्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी कधीचं दाखवून ठेवलंय. नाडेप हे नाव त्यांच्याच आद्याक्षरांवरून. दुसरीकडे पुण्याचा कचरा १९९१पासून उरुळी देवाची-फुरसुंगीकडे जात राहिला आणि तिथल्या लोकांना गाड्या अडवण्यासाठी वर्षानुवर्षं रस्त्यावर बसावं लागलं. वाहतुकीचा परिणाम मोजताना त्या गावांना कुणी मोजलं असतं तर, असं मनात आल्याशिवाय राहत नाही.

अहवालात हा तिसरा पर्याय आला. सर म्हणतील हा विषयाबाहेर आहे. पुतणीला सांगितलं, खेपा कमी करणं हा वाहतुकीचाच विषय आहे, ठामपणे सांग.

२६ जानेवारी

झेंडावंदन झाल्यावर शेजारच्या एका गावच्या ग्रामसभेत सरपंचांनी तिला दहा मिनिटं दिली. आकडे तिनं फार सांगितले नाहीत, रांगेची आकृती दाखवली. एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "हे सगळं मोटारगाड्यांचं झालं. शाळंला चालत जाणारी पोरं कुठं लिवलीस?" सायकलीला अर्धा एकक, पायी चालणाऱ्याला काहीच नाही. पुतणी गप्प झाली, मग म्हणाली, "बाबा, वेगळा तक्ता करते." एका तरुण शेतकऱ्यानं विचारलं, केंद्र चालवणाऱ्यानं ठरल्या वेळा पाळल्या नाहीत तर कुणाकडे जायचं? याचं उत्तर अहवालात नव्हतं. परवानगीच्या अटींत वेळा, रांगेची जागा आणि झाकण लेखी असावं, आणि अटींची प्रत प्रत्येक लगतच्या ग्रामपंचायतीत लावावी, अशी ओळ तिथंच वहीत उतरली.

२ फेब्रुवारी

अहवाल बांधायला दिला. मसुद्यात 'परिणाम मर्यादित स्वरूपाचा' असं शेवटच्या पानावर होतं. ते काढून तिनं लिहिलं की कचरा ५० टनच राहिला आणि रिकामं करायच्या जागा तीनपेक्षा कमी असतील किंवा फाटकाच्या आत दहा गाड्यांची जागा नसेल तर हंगामात सकाळी नऊ ते अकरा या वेळेत रस्ता अडेल. हे वाक्य तिनं पहिल्या पानावर आणलं. पायी शाळेला जाणाऱ्या मुलांची मोजणी या आठवड्यात करायची आहे, शाळेच्या फाटकापाशी सकाळी आणि संध्याकाळी. सैल दिवसांची मोजणी जुलैत. ट्रॅक्टर-ट्रॉलीचा वेगळा रकाना तेव्हाही ठेवायचा, रिकामा राहिला तरी.